सीटमधला खळगा

कॉटर्स बेंड, मिसूरी
१४ एप्रिल २००९

प्रिय एमेट,

आज मी शाळेत अर्धा दिवस काम केलं. दुपारी दोन वाजता टग बॉयर ट्रेलर आणि दोन माणसं घेऊन आला. साडेचारपर्यंत शेड रिकामी झाली. हॉलिसचा मॉन्स्टर ट्रक टगला विकला, ब्लाइंड म्यूल गेला.

त्यांनी माणसाएवढी मोठी चाकं काढून वाहतुकीची छोटी चाकं लावली. छोट्या चाकांवर तो ट्रक मला नेहमी आंघोळ घातलेल्या मांजरासारखा दिसतो. हॉलिस म्हणायचा, "बघू नका रे त्याच्याकडे, कपडे बदलतोय." टगला ते आठवत होतं. त्याने ते वाक्य म्हटलं आणि मग आम्ही दोघंही जमिनीकडे बघत राहिलो. टग हाताचा लिव्हर काढून पायाचे पेडल बसवणार आहे. नावही बदलणार आहे. मी हरकत घेतली नाही.

हॉलिसला जाऊन आज चार महिने आणि अकरा दिवस झाले. आई अजून आपल्याकडेच आहे. माझ्या भावाची खोली मी आवरली नाही, कारण आई दुपारी तिथे झोपते. जावयाचं नाव ती घेत नाही, तुला 'तो' म्हणते. काल म्हणाली, "त्याने पत्ता तरी दिलाय का?" मी म्हटलं, ओरेगनला त्याच्या भावाकडे आहे, मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. ती म्हणाली, "इंजिनंच करू दे. माणसं बसतात ते नको."

दुसरी गोष्ट. ट्रक स्पर्धांच्या संघटनेच्या पर्डींचं पत्र आलं आहे. हॉलिसच्या मृत्यूचा अहवाल पंधरा मेला पक्का होणार. मसुदा सोबत होता. त्यात लिहिलं आहे की चालकाच्या मापाची फोमची सीट एमेट गेल याने ओतली होती, ती त्याने चालकाला किंवा घरच्यांना न विचारता मनाने कापली, त्यामुळे चालकाची जखम चिघळली. यापुढे त्याच्या हातची सीट असलेला ट्रक कोणत्याही स्पर्धेत घेतला जाणार नाही. घरच्यांची काही दुरुस्ती असेल तर पंधरा तारखेच्या आत कळवावी.

'घरच्यांना न विचारता' हे खोटं आहे, हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तू ते का सांगितलं नाहीस, हे मला विचारायचं होतं. ते राहू दे.

पत्र मी ड्रॉवरमध्ये ठेवलं आहे.

रोएना

*

२६ एप्रिल २००९

प्रिय एमेट,

तुझं उत्तर आलं नाही. यायला हवं असं नाही.

संघटनेच्या मासिकाला हॉलिसवर दोन पानं हवी आहेत. शाळेची पत्रं मी रोज लिहिते, म्हणून वाटलं जमेल. चर्च झाल्यावर बसले. लिहिताना कळलं की निम्म्या गोष्टी तुझ्या आहेत. मला आठवतं ते लिहिते, चुकत असेल तर सांग.

शहाण्णवच्या नोव्हेंबरात तो हरणाच्या शिकारीला गेला आणि झाडावरच्या मचाणाची पायरी मोडली. चोवीस वर्षांचा होता. कमरेखाली काही उरलं नाही. पुढची दोन वर्षं आईच्या पुढच्या खोलीत टीव्ही बघत बसला. त्याच्याशी काय बोलायचं हे कुणाला कळत नव्हतं. तू एक दिवस कार्ब्युरेटर आणून त्याच्या मांडीवर ठेवलास आणि म्हणालास, "हे साफ कर. मला वेळ नाही." मांडीवर रॉकेल सांडलं तरी त्याला कळलं नाही, म्हणून आई तुझ्यावर ओरडली. तो मात्र त्या दिवशी जेवला.

नव्व्याण्णवमध्ये तुम्ही ट्रक बांधायला घेतला. लिव्हर तू तीनदा बनवलास. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग, अंगठ्याखाली मागची चाकं वळवायची कळ. हाताने चालवताना काय कमी पडतं हे कळावं म्हणून तू स्वतःचे पाय दोरीने बांधून तीन दिवस शेतात तो ट्रक फिरवलास. आई कुंपणाशी येऊन म्हणाली, "एक पुरला नाही का रे?" हॉलिस इतका हसला की खुर्चीतून पडता पडता राहिला. ट्रकचं नाव त्यानेच ठेवलं. आंधळं खेचर. म्हणायचा, "खेचराला पाय चार, मला शून्य. सरासरी दोन. नियमात बसतं."

पहिला खेळ आपल्या जत्रेत झाला. चार जुन्या गाड्यांवरून गेला आणि पाचवीवर अडकला. त्याआधीच निवेदकाने सगळ्यांना उभं राहून टाळ्या वाजवायला सांगितलं होतं, हा शूर अपंग चालक वगैरे. घरी येताना हॉलिस म्हणाला, "मी अजून काही केलंच नव्हतं. आणि उभे काय राहतात? मला खिजवतात का?" पुढे नऊ वर्षं प्रत्येक निवेदकाशी त्याचं यावरून भांडण झालं. त्याला फक्त चिखल उडाल्यावरच्या टाळ्या हव्या होत्या.

दोन हजार तीनला टल्सात अंतिम फेरीत त्याने टगला अर्ध्या चाकाने हरवलं. टग म्हणाला, "आता घरी बायकोला सांगावं लागणार, बसलेल्या माणसानं हरवलं." हॉलिस म्हणाला, "मग तू काय उभा राहून चालवत होतास?" तेव्हापासून टग त्याचा मित्र झाला. हे मासिकात घालू का? टगला विचारते.

विचिटात ट्रक उलटला, ते साल पाच की सहा? बाकीचे चालक उलटले की बाहेर येऊन ट्रकवर चढून हात हलवतात. हॉलिस पट्ट्यांमध्ये उलटा लटकत राहिला. तू चिखलात आडवा होऊन आत सरकलास आणि मान सरळ राहावी म्हणून त्याचं डोकं चार मिनिटं तळहातांवर धरलंस. नंतर मी विचारलं, तो काय बोलत होता. तू म्हणालास, "म्हणत होता, एमेट, तुझ्या तोंडाला कांद्याचा वास येतोय."

इथपर्यंत लिहिलं. शेवटचं वर्ष कसं लिहायचं ते कळत नाही. त्या वर्षातही तो चांगलाच चालवत होता, एवढंच लिहीन बहुतेक.

पर्डींचं पत्र अजून ड्रॉवरमध्येच आहे.

रोएना

*

९ मे २००९

प्रिय एमेट,

सहा दिवस उरले. पर्डींना सांगायच्या आधी तुला सांगायला हवं. यातलं निम्मं तुला माहीत आहे. उरलेलं निम्मं मी लपवलं.

गेल्या वर्षी जानेवारीत तू सीट ओतलीस तेव्हा मी तिथे होते. पिशवीत फोम ओतला, हॉलिसला उचलून त्यावर बसवलं, आणि फोम त्याच्या अंगाभोवती फुगत वर आला. तो फुगताना गरम होतो. हॉलिसने मला विचारलं, "रो, गरम आहे का गं?" मी हात लावून म्हटलं, आहे. "छान आहे का?" म्हटलं, छान आहे.

सीट तेव्हा नेमकी होती, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. उन्हाळ्यात त्याचं वजन अठरा पौंडांनी उतरलं. पोटाचं दुखणं झालं होतं ते. अंग आटलं, सीट तेवढीच राहिली. नवीन ओतायला हवी होती, पण त्यासाठी संघटनेच्या नियमाप्रमाणे त्याला सगळ्यांसमोर वजनकाट्यावर बसावं लागलं असतं, आणि तो नको म्हणाला.

त्याची कातडी रोज सकाळी आरशाने तपासायचं काम माझं होतं. बारा वर्षं मी ते केलं. तुला त्या खोलीत तो येऊ द्यायचा नाही, कारण ट्रकवर हात ठेवणाऱ्या माणसाने आपलं ढुंगण बघू नये असं त्याचं म्हणणं होतं. बारा ऑक्टोबरला डाव्या बाजूला, बसायच्या हाडावर, मला लाल डाग दिसला. पंचवीस सेंटच्या नाण्याएवढा. बोटाने दाबला तरी पांढरा झाला नाही. त्याचा अर्थ मला माहीत होता, आतून जखम सुरू झाली होती. दवाखान्यातल्या नर्सने शहाण्णवमध्येच शिकवलं होतं.

मी त्याला सांगितलं. तो पालथा पडून होता, उशीत तोंड. आठ नोव्हेंबरला स्प्रिंगफील्डची शेवटची स्पर्धा होती आणि तो पहिल्या क्रमांकापेक्षा सहा गुणांनी मागे होता. तो म्हणाला, "चार आठवडे, रो. मग नाताळपर्यंत असाच पडून राहतो. तू माझ्या पाठीवर जेवणाची ताटं मांड."

मी म्हटलं, एमेटला सांगते.

"त्याला सांगितलंस तर तो ट्रकची किल्ली विहिरीत टाकेल. तू ओळखतेस त्याला."

मी हो म्हटलं. मला हे पटवून द्यायला त्याला फार कष्ट पडले नाहीत, हेही लिहिते. नऊ वर्षांत एकदाही तो पहिला आला नव्हता. मलाही तो आलेला बघायचा होता.

हाताने चालवणाऱ्यांना दर तीन महिन्यांनी डॉक्टरचा कागद द्यावा लागतो. त्यावर घरच्या माणसासाठी एक ओळ असते: 'कातडीवर जखम आहे / नाही.' मी 'नाही'वर खूण केली आणि सही केली. डॉक्टर मला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी माझी सही बघून खाली आपली केली. त्याला उताणाही केलं नाही, पालथाही नाही.

मग डाग उघडा पडला. मला वाटलं, जखमेखालचा फोम काढला की तिथे काही टेकणार नाही. मी तुझ्याकडे शेडमध्ये आले. तू पाना धूत होतास. मी म्हटलं, "डाव्या बाजूला सीट जरा कोरून दे. त्याला टोचतंय."

तू विचारलंस, "टोचतंय असं तो म्हणाला?"

मी म्हटलं, "हो."

तू घरातली पावाची सुरी नेलीस, मुठीएवढा खळगा केलास, सुरी धुऊन परत आणून ठेवलीस.

स्प्रिंगफील्डला त्याला ताप होता. मी त्याला दोन गोळ्या दिल्या आणि तुला सांगितलं, डोकं दुखतंय. दिवे हिरवे व्हायच्या आधी तो सुटला. नऊ वर्षांत एकदाही आधी सुटला नव्हता. त्याचे हात थरथरत होते आणि लिव्हर मागे ओढला गेला. पहिल्याच फेरीत बाद. लोकांनी तरीही उभं राहून टाळ्या वाजवल्या. तू त्याला बाहेर काढलंस तेव्हा तो म्हणाला, "वाजवतायत बघ." त्या स्पर्धेसाठी आम्ही काय केलं होतं ते त्या वेळी तुला माहीत नव्हतं, असं मी धरून चालते.

त्यानंतर तो पंचवीस दिवस जगला. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मला सांगितलं की खळग्याच्या कडांनी रक्त अडलं आणि मधला भाग मेला. ते म्हणाले, "अशा वेळी सीट काढून घ्यायची नसते, बाई. बसणं काढून घ्यायचं असतं."

अकरा डिसेंबरला पर्डी शेडमध्ये आले. त्यांनी खळग्यात बोटं घालून विचारलं, "हे कुणी कापलं?" तू माझ्याकडे पाहिलंस. आई माझा हात धरून उभी होती. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

तू म्हणालास, "मी."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. वाटलं म्हणून."

त्यानंतर तीन महिने आपण एका घरात राहिलो. अकरा ट्रकांच्या सीटा तुझ्या हातच्या होत्या, एकेक करून सगळ्यांनी त्या काढल्या. आई तुझ्यासोबत टेबलावर बसेना. तू गॅरेजमध्ये जेवायला लागलास. मी तुला ताट नेऊन द्यायचे आणि तेव्हाही बोलले नाही.

हे एवढं होतं.

रोएना

*

१७ मे २००९

प्रिय एमेट,

चौदा तारखेला मी सुट्टी काढून पर्डींच्या कार्यालयात गेले. दोन तास गाडी चालवली. सगळं एका पानात टाइप करून नेलं होतं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. ट्रक चालवताना कधीकाळी भाजलेल्या हाताने चष्मा काढला आणि म्हणाले, "रोएना, हे घेऊन घरी जा."

मी म्हटलं, "नाही."

"एमेटने स्वतः सांगितलंय. तक्रार केलेली नाही. सगळं जागच्या जागी बसलंय."

"ते खोटं आहे."

"अगं, मला काय कळत नाही का? सव्वीस वर्षं चालवलेत ट्रक. कुठल्या मेकॅनिकला बसल्या बसल्या सीट कापायची हुक्की येते?" मग त्यांनी दार लावलं. "ऐक. कॅन्ससला डीना म्हणून एक पोरगी आहे. खुर्चीत असते. अर्धा ट्रक बांधून तयार आहे, हाताचा. सीटची चूक म्हटलं तर आम्ही सीटचे नियम बदलू आणि तिला परवाना देऊ. पण हॉलिसने जखम लपवली, बहिणीने खोटी सही केली, असं म्हटलं, तर माझी समिती म्हणेल, या लोकांवर आणि यांच्या घरच्यांवर भरवसाच ठेवता येत नाही. त्यांना तेवढंच हवंय. दार बंद होईल. हॉलिसने ज्या दारात नऊ वर्षं पाय रोवून..." ते थांबले. "तुला कळतंय ना मला काय म्हणायचंय."

मला कळत होतं. त्यांनी मला कॉफी दिली. मी डीनाचा विचार केला आणि तुझा केला. दोघांपैकी कुणालाही माझ्यामुळे बरं होणार नव्हतं. कागदावर निदान खरं असावं, एवढंच मला सुचलं. मी पान टेबलावर ठेवून निघाले. ते दारापर्यंत आले नाहीत.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. पूर्ण ऐकेपर्यंत सोलत राहिली.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मी त्या माणसाला टेबलावर मीठसुद्धा पुढे केलं नाही."

"हो, आई."

ती म्हणाली, "हे तू मला सांगायला नको होतंस. एकावर राग होता तो मला पेलत होता." भांडं माझ्याकडे सरकवून ती हॉलिसच्या खोलीत गेली. काल मावशी येऊन तिला आर्कान्सासला घेऊन गेली. किती दिवसांसाठी, ते दोघींनीही सांगितलं नाही.

तू परत येऊ शकतोस. खोलीही आहे आणि टेबलही. मला ते आधी लिहायचं नव्हतं, कारण आधी लिहिलं असतं तर सौदा झाला असता.

रोएना

*

७ जून २००९

प्रिय एमेट,

तुझं पत्र गुरुवारी आलं. शाळा सुटली आहे, त्यामुळे मी घरीच होते. वाचलं.

आधी इथलं सांगते. अहवाल छापून आला. तुझ्यावरची बंदी काढली आहे. तुझं नाव तीन ओळींत आहे, 'घरच्यांच्या सांगण्यावरून' असं लिहिलं आहे. मी ते पान टगला दाखवलं. त्याने वाचलं, मान हलवली. म्हणाला, "मला कधीच वाटलं नव्हतं एमेटनं केलं असेल." मी विचारलं, मग सीट का काढलीस? तो म्हणाला, "सगळ्यांनी काढली म्हणून." आता सगळे ओहायोच्या माणसाकडून सीटा करून घेतात. तो चांगला आहे म्हणतात.

डीनाला परवाना मिळाला नाही. तिने मला फोन केला. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "मी माझी कातडी रोज स्वतः बघते. मला कुणाची सही लागत नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे. ती म्हणाली, "आता माहीत असून काय उपयोग?" आणि ठेवला.

मासिकाने माझी दोन पानं परत पाठवली. सध्या नको, असं लिहिलं आहे.

आता तुझं पत्र. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, म्हणून ओळी पाठ झाल्या. तू लिहिलंस: "तू टोचतंय म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं. ज्याला कमरेखाली काही लागत नाही त्याला टोचेल कसं? म्हणून मी पुन्हा विचारलं. तू हो म्हणालीस आणि मी सुरी आणायला गेलो. आणखी एक प्रश्न विचारला असता तर ट्रक थांबवावा लागला असता. मलाही ती स्पर्धा हवी होती. त्या लिव्हरवर माझी दहा वर्षं गेली होती. पर्डींना मी म्हणालो 'मी', ते तुला वाचवायला नाही. ते खरं होतं."

ही गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. सहा महिने मी समजत होते की तू माझ्यासाठी गप्प राहिलास. रोज सकाळी उठल्यावर माझ्याकडे तेवढं एक होतं. तू ते काढून घेतलंस म्हणून राग नाही. मी तुझ्याशी खरं बोलले, तू माझ्याशी बोललास. हॉलिसला दोघांपैकी एकाने जरी आधी बोललेलं पुरलं असतं.

शेवटी तू लिहिलंस की येणार नाहीस. एका टेबलावर बसलो तर दोघांनाही रोज तेच दिसेल, म्हणतोस. मी यावर दोन दिवस विचार केला. तुझं म्हणणं खोडायला मला काही सापडलं नाही. तुझे हिवाळी कपडे आणि हत्यारांची लाल पेटी मी पाठवून देईन. पेटी जड आहे, मालवाहतुकीने येईल, दहा दिवस लागतील. आणखी काही हवं असेल तर यादी कर.

उकाडा सुरू झाला आहे. खिडक्यांच्या काचेच्या चौकटी अजून हिवाळ्याच्याच होत्या. सकाळपासून त्या उतरवून डासांच्या जाळ्या बसवते आहे. बाहेरून एकाने धरायची आणि आतून दुसऱ्याने आकडे लावायचे असं ते काम आहे. मी बाहेरून जाळी अडकवून तिला शिडी टेकवून ठेवते, मग घराला वळसा घालून आत जाते आणि आकडे लावते. दोनदा पडली, फाटली नाही. सात झाल्या. स्वयंपाकघराची राहिली आहे, ती आता लावते.

रोएना